रामलिंगच्या रानात कुणी जायचं?

धाराशिव जिल्ह्यात सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन मोकळ्या हवेत जायचं कुठे, याची उत्तरं मोजकी आहेत. तुळजापूरला माणूस दर्शनासाठी जातो. नळदुर्गला बोरी नदी भरली की पाणी महालावरून नर-मादी धबधबे कोसळतात, तेव्हा पार सोलापूरपासून गर्दी लोटते. पण झाडाखाली सतरंजी टाकून बसावं, ओढ्यात पाय सोडावेत, पाखरं ऐकावीत असं मनात आलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, ते येडशीजवळच्या रामलिंगचं. धाराशिवपासून अर्ध्या तासाची वाट. बालाघाटाच्या कडेला दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, खाली दगडी देऊळ, देवळाजवळून जाणारा ओढा, पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी आणि सगळ्या अंगांनी रान. १९९७ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हणून पाहिलं तर लहानसंच.

या लहानशा जागेवरून आमच्या घरात वाद आहे. एका बाजूला माझा थोरला भाऊ, कळंब तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. दुसऱ्या बाजूला माझी लेक, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी आणि सवड मिळेल तेव्हा वही घेऊन रामलिंगच्या रानात फिरणारी. दोघांचाही त्या जागेवर जीव आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. मामा-भाचीचं हे बोलणं मी शेजारी बसून ऐकलेलं आहे. जमेल तसं मांडते.

भाची: मामा, इतक्यात श्रावणी सोमवारी रामलिंगला गेलाव का? रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्याच गाड्या. ओढ्याच्या काठी जेवणावळी. पाण्यात पत्रावळ्या, झुडपांना अडकलेल्या पिशव्या, माकडांच्या हातात बिस्किटांचे पुडे. माझं म्हणणं साधं आहे. देवळापर्यंत लोकांना येऊ द्या. त्यापलीकडचं रान माणसांना बंद करा. आणि पावसाळ्याचे चार महिने तर कुणीच आत पाऊल टाकू नये.

मामा: पावसाळा वजा केला तर रामलिंगात लोकांसाठी उरतं काय, माय? चैत्र-वैशाखात तिथं उघडी झाडं आणि तापलेले दगड. लोक येतात ते हिरवं बघायला, पाणी बघायला.

भाची: तेच महिने मोरांच्या, लाव्यांच्या विणीचे. दोघंही जमिनीवर घरटं करतात. पायवाट सोडून दहा माणसं फोटोसाठी गवतात शिरली की पिल्लं संपली. ताडोबाचं नुसतं गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे. तिथं माणूस एका अंगानं आला तर जनावराला दुसरीकडे सरकायला जागा असते. इथं बावीसात सरकून सरकून जायचं कुठं? जवळून सोलापूर-धुळे महामार्ग, खाली शेती, वर गावं.

मामा: हे खरं. पण माझंही ऐक. मी शाळेची सहल दरवर्षी रामलिंगला न्यायचो. भादव्यात, पाऊस थोडा उघडला की. लांबच्या सहलीला पैसे लागतात, निम्मी पोरं घरीच राहतात. रामलिंगला सगळी यायची. आणि तिथं उतरल्यावर पहिली गोष्ट काय व्हायची माहीत आहे? पोरं ओढ्यापाशी थांबायची. हलायचीच नाहीत. आपल्याकडच्या पोरांनी पाणी बघितलेलं असतं ते टँकरात, हापशाला, घागरीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती याच येडशीवरून. त्या साली जन्मलेलं लेकरू आज शाळेत आहे. त्यानं वाहतं पाणी बघायचं नाही तर कुणी बघायचं?

भाची: ते पाणी वाहतं ते रान आहे म्हणून. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस दुपारच्या आत माती घेऊन खाली जातो. गवत, झुडपं, पालापाचोळा असला तर तो जिरतो आणि पुढं कितीतरी दिवस झऱ्यांतून थोडाथोडा बाहेर येतो. बालाघाटाची ही रांग म्हणजे पाणलोटाची कड आहे. एका उतारावरचं पाणी तेरणा-मांजरा करत गोदावरीला मिळतं, दुसऱ्या उतारावरचं सीना-भीमा करत कृष्णेला. दोन खोऱ्यांच्या माथ्यावरचं रान आहे हे, मामा. तुडवून तुडवून ते उघडं पडलं तर पोरांना दाखवायला ओढाही राहणार नाही.

मामा: हेच वाक्य तू त्या ओढ्याच्या काठी उभी राहून चाळीस पोरांना सांग. जन्मात विसरणार नाहीत. पुस्तकात मीही शिकवलंय, पाणलोट क्षेत्र, मृद्‌संधारण. परीक्षा झाली की संपलं.

इथे भाची थोडा वेळ गप्प होती. मग तिने विषय देवळाकडे नेला, आणि मला वाटतं तिच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे.

भाची: रामलिंगची कथा तुम्हीच मला लहानपणी सांगितली. रावण सीतेला घेऊन चालला होता, जटायू आडवा आला, इथं घायाळ होऊन पडला. रामानं त्याला पाणी पाजण्यासाठी बाण मारून झरा काढला. जटायूची समाधीही दाखवतात. आता सांगा, जटायू म्हणजे गिधाड. आपल्या आकाशात गिधाड शेवटचं कधी दिसलं?

मामा: माझ्या तरुणपणी गावच्या हाडकीवर थवेच्या थवे उतरायचे. मेलेलं जनावर तासाभरात साफ. पुढं दिसेनाशी झाली.

भाची: १९९० नंतर देशभरातून गेली. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे, ते जनावर मेलं की औषध गिधाडाच्या पोटात. मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. काही जातींतली शंभरातली पंच्याण्णवहून जास्त गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर उशीर झाला होता. ज्या देवळात गिधाडाला मान आहे तिथं हजारो माणसं येतात आणि ते पाखरू गेलं याची कुणाला हळहळ नाही. तुम्ही म्हणता, लोक आले की त्यांना माया लागते. कुठं लागली?

मामा: कुणी सांगितलंच नाही त्यांना! पायऱ्यांवर एक फलक लावा, जटायूची गोष्ट आणि खाली गिधाडाची गोष्ट. बघ, प्रत्येक बाई थांबून वाचील.

बाईचा विषय निघाला म्हणून मी मध्ये बोलले, आणि ते इथे लिहायलाच हवं. आमच्या भागातल्या बाईला नुसतं फिरायला म्हणून घराबाहेर पडणं आजही सोपं नाही. ‘जरा झाडाखाली बसून येते’ असं सासूला सांगून कोण निघेल? पण रामलिंगला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. श्रावणात शेजारपाजारच्या चारजणी मिळून जातात, दर्शन दोन मिनिटांचं होतं आणि पुढचे तीन तास ओढ्याच्या काठी बसतात. पाण्यात पाय, मांडीवर डबा, आणि मोकळं बोलणं. देवामुळे त्यांना रान मिळालं आहे. रान बंद झालं तर पुरुष मंडळी गाडी काढून दुसरीकडे जातील. या बायका कुठे जातील? लेकीला हे पटलं असावं. ती म्हणाली, ‘बायकांनी कचरा केल्याचं मी बघितलेलं नाही. त्या कागदात बांधून घरी नेतात.’

भाची: बरं, लोक यावेत हे धरून चालू. मग तुमच्यासारखे लोक लगेच मागण्या मांडतात. पेव्हर ब्लॉक घाला, घसरगुंडी बसवा, मोराचे सिमेंटचे पुतळे करा, सेल्फी पॉइंट करा.

मामा: पुतळे मी मागितले नाहीत. मी दोन गोष्टी मागतो. मुलींसाठी स्वच्छ शौचालय आणि प्यायचं पाणी. मुलींची सहल काढायची म्हटलं की पालक पहिल्यांदा तेच विचारतात. शौचालय नाही म्हणून मोठ्या वर्गातल्या मुली येत नाहीत, ही गोष्ट तुझ्या मोराइतकीच महत्त्वाची आहे.

भाची: ते करा, रस्त्याच्या कडेला करा. खाली ओढ्याकडे एक वीटसुद्धा नको.

मामा: कबूल. आता माझा मुद्दा ऐक. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर तू बघितलंस. तिथं काय होतं आधी? उघडाबोडका डोंगर. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसं गोळा केली, झाडं लावली, हरणं आणून सोडली. १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. माणसाला बाहेर ठेवून ते रान झालं का? माणसानं ते उभं केलं. जे आपलं वाटतं ते माणूस राखतो. येळवस आठव की.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दर्श वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर-धाराशिवची गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले आवर्जून बोलावतात. आमच्याकडे रानात जाऊन जेवण्याची रीत पर्यटन खात्याने शिकवलेली नाही.

मामा: येळवशीला आपल्या वावरात कुणी पत्रावळ्या फेकून येतं का? आंबिलीचं मडकं, परड्या, भांडी, सगळं डोक्यावर नेतो आणि डोक्यावर परत आणतो. कारण उद्या त्याच वावरात औत न्यायचं आहे. रामलिंगला तोच माणूस घाण करतो, कारण ते ‘सरकारचं’ आहे असं त्याच्या डोक्यात बसलंय. तू म्हणायलीस तसं आणखी बंद केलं तर ते आणखी सरकारचं होईल. मग वणवा लागला की माणूस रस्त्यावर उभा राहून बघेल. विझवायला एकटा वनरक्षक आणि दोन वनमजूर.

भाची: वणव्याचं बरोबर आहे. उन्हाळ्यात गवत वाळलं की एक विडी पुरते. जाळरेषा काढल्या तरी आग ओलांडते. येडशीची पोरं धावून आली तरच आवरते. पण मामा, ‘आपलं’ म्हणणाऱ्यांत शेळ्यावालेही आहेत. त्यांचं काय करायचं?

हा प्रश्न अवघड आहे आणि दोघांनाही तो अवघड गेला. या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. काळी, काटक, कोरड्या हवेत तग धरणारी, बहुधा जुळी करडं देणारी. ज्याच्याकडे एक गुंठा जमीन नाही त्याच्या घरी दवाखान्याचा, शाळेचा, लग्नाचा खर्च शेळीवर निघतो. आणि तीच शेळी खैराचा, बोरीचा, पळसाचा कोवळा अंकुर शेंड्यासकट खाते. मोठी झाडं म्हातारी होतात, खाली नवीन येत नाही, मोकळ्या जागी घाणेरी माजते. भाचीने हे रानात स्वतः पाहिलं आहे. मामाने शेळीवर वाढलेली मुलं वर्गात शिकवली आहेत.

मामा: हिवरे बाजारनं चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. विळा घेऊन या, शेळी बाहेर ठेवा. इथंही तसं बसवता येईल.

भाची: गाईला कापलेलं गवत चालतं. शेळीला पाला लागतो, तोही हिंडून. कापून आणलेल्यावर शेळी जगवणं म्हणजे दिवसभराची मजुरी बुडवणं. मी सोपं उत्तर देणार नाही, कारण माझ्याकडे ते नाही.

मामा: तेवढं म्हणालीस तरी पुरे आहे. कारण बंदी घालणारे बहुतेकदा एवढंही म्हणत नाहीत.

मग वाघाचा विषय निघाला. तो निघणारच होता. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. सुमारे साडेचारशे किलोमीटर चालून आलेला. धाराशिवच्या कुणालाही आपल्या रानात वाघ असेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवायची परवानगी मिळाली, पथकं आली, पिंजरे लागले, पण वाघ हाती लागला नाही.

भाची: मामा, तुम्ही मला विचारायचात ना, बावीस चौरस किलोमीटरात जंगल ते कितीसं? ते माणसांना दिलं तर काय बिघडलं? हे त्याचं उत्तर. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरच्या आत आहे. तिथं वाघ वाढले की तरुण नराला मुलूख शोधत बाहेर पडावं लागतं. २०१९ मध्ये तिथलाच एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तीन हजार किलोमीटरहून जास्त फिरला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. आपल्याकडे आलेल्यानं कापूस, सोयाबीन, ऊस, रस्ते, नद्या सगळं ओलांडलं. रात्री चालायचं आणि दिवसा कुठं तरी आडोशाला पडून राहायचं. असा आडोसा आज मराठवाड्यात किती ठिकाणी उरलाय? छोटं रान वाघाचं घर होत नसेल, पण वाटेतला मुक्काम होतं. आणि मुक्काम मोडले की वाट मोडते.

मामा: ऐकायला फार चांगलं आहे. पण त्या मुक्कामात तो जेवला कुणाच्या दावणीला? बार्शी आणि धाराशिवच्या शेतकऱ्यांची वासरं, कालवडी गेल्या. रात्री उसाला पाणी द्यायला जायला लोक घाबरत होते. वीज रात्रीचीच असते, पाणी रात्रीच द्यावं लागतं. भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत आणि पैसे येईपर्यंत दावण रिकामीच असते.

भाची: भरपाई लवकर मिळायला हवी यात दुमत नाही. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी तर वाघ यायच्या आधीपासूनची आहे.

मामा: आणि भीती? तिची भरपाई कोण देणार? ज्या माणसानं कधी रानात पाऊल टाकलं नाही त्याला वाघ म्हणजे नुसता मृत्यू वाटतो. तो काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघतो. रान माहीत असलेल्याला कळतं की जनावर आपल्याला टाळतं, वाकून गवत कापत बसू नये, एकट्यानं अंधारात जाऊ नये, मोबाइलवर गाणी लावून चालावं. मी म्हणतो लोकांना रानात न्या, ते याच्यासाठीही. वाघ आला म्हणून दार लावशील तर पुढच्या वाघाच्या वेळी या जिल्ह्यात त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी उरणार नाही.

भाची: मग पिकनिकला नका नेऊ. बुद्ध पौर्णिमेला राज्यातल्या अभयारण्यांत लोकांना मचाणावर बसवून पाणवठ्यावर येणारी जनावरं दाखवतात. रात्रभर गप्प बसायचं, चंद्राच्या उजेडात बघायचं आणि सकाळी नोंद करून द्यायची. तसे लोक तयार करा. गावागावांतली दहा पोरं तयार झाली तर मी माझी बंदी मागे घेते.

मामा: दहा कशाला, पूर्ण वर्ग देतो. फक्त फाटकाला कुलूप घालू नकोस.

वाद तिथेच थांबला. मिटला असं मी म्हणणार नाही. शेळ्यांचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे, आणि पावसाळ्यातल्या बंदीवरून दोघं आजही एकमेकांना टोकतात.

मला विचाराल तर मी भावाच्या बाजूची आहे. दुष्काळी जिल्ह्यात झाडाची सावली आणि वाहता ओढा, तोही फुकट, गरिबाला परवडेल एवढ्या अंतरावर, ही चैन नाही. ती प्रत्येक लेकराला एकदा तरी मिळायला हवी. पण लेकीची अट मी वर ठेवते. देऊळ, पायऱ्या आणि ओढ्याचा तेवढा पट्टा माणसांचा. त्यापलीकडे वन विभागाची परवानगी, सोबत जाणकार आणि ठरलेली पायवाट याशिवाय कुणी जाऊ नये. विणीच्या महिन्यांत तर अजिबात नाही. गाड्या वरच थांबाव्यात. धडधाकट माणसाला एवढं चालता येतं. ज्यांना येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी सोय करता येईल.

जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. लांबच्या सहलीबरोबर एक दिवस रामलिंगसाठी काढा, येडशीच्या वन कार्यालयाशी आधी बोला, आणि मुलांना ओढ्याच्या काठी तासभर नुसतं बसू द्या. वाचकहो, तुम्हीही जा. श्रावणी सोमवार टाळून जा. डबा स्टीलचा न्या, माकडांना काही खायला घालू नका, आणि परत येताना आपल्या कचऱ्याबरोबर दुसऱ्याने टाकलेली एक तरी पिशवी उचलून आणा.